हाइके कामरलिंग-ऑनेस

हाइके कामरलिंग-ऑनेस (२१ सप्टेंबर, १८५३:ग्रोनिंगन, नेदरलँड्स – २१ फेब्रुवारी, १९२६:लायडेन, नेदरलँड्स) हे डच भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी हेलियम वायूचे प्रथम द्रवीकरण केले आणि अतिसंवाहकतेचा शोध लावला. त्यांना १९१३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन व कार्य

ऑनेस यांचे शिक्षण ग्रोनिंगन व हायडेलबर्ग येथे झाले. १८८२ मध्ये ते लायडेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. वान डेर वाल्स यांचे वायूंविषयीचे सिद्धांत पडताळण्यासाठी त्यांनी तेथे नीच तापमानाची प्रयोगशाळा उभारली. संपीडित वायूंच्या स्फोटाच्या भीतीमुळे १८९५ मध्ये हे काम थांबवावे लागले. ते १८९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. कुशल तंत्रज्ञ घडावेत म्हणून त्यांनी १९०१ मध्ये उपकरण-निर्मितीची शाळा काढली. १० जुलै, १९०८ रोजी हेलियमचे द्रवीकरण साधले.

अतिसंवाहकतेचा शोध

धातू थंड केल्यास त्याचा विद्युत रोध घटतो, हे ज्ञात होते; केवल शून्य तापमानाजवळ काय घडते, याविषयी मात्र मतभेद होते. इलेक्ट्रॉन गोठून रोध वाढेल, असे केल्व्हिन यांचे मत होते. शुद्ध धातूचा रोध क्रमाक्रमाने नाहीसा होईल, अशी ऑनेस यांची अपेक्षा होती. ऊर्ध्वपातनाने अतिशय शुद्ध करता येतो म्हणून त्यांनी पारा निवडला. ८ एप्रिल, १९११ रोजी पाऱ्याचा रोध मोजता येणार नाही इतका घटला. पुढील मोजमापांत तो सुमारे ४.२ केल्व्हिनला एकाएकी नाहीसा होतो, असे आढळले. अशुद्ध पाऱ्यातही हेच दिसल्याने मूळ अपेक्षा अपुरी ठरली. मोजमापे गिलेस होल्स्ट यांनी केली होती, तरी शोधनिबंध केवळ ऑनेस यांच्या नावे प्रसिद्ध झाले.

१९१४ मध्ये शिशाच्या वेटोळ्यात बाह्य स्रोताविना प्रवाह तासन्‌तास टिकला. मात्र चुंबकीय क्षेत्र वाढताच अतिसंवाहकता नष्ट होत असल्याने शक्तिशाली चुंबक बनवण्याची त्यांची आशा फोल ठरली.

वारसा

अतिसंवाहकतेचा सूक्ष्म पातळीवरील समाधानकारक सिद्धांत १९५७ मध्ये मांडला गेला. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्स व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडयुक्त संयुगात उच्च तापमानाची अतिसंवाहकता आढळली. १९८७ मध्ये अशाच एका संयुगाचा रोध द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिन या उत्कलनबिंदूहून अधिक तापमानाला शून्य झाला. त्यामुळे दुर्मीळ द्रव हेलियमविना अतिसंवाहकतेचा अभ्यास शक्य झाला. या संयुगांतील अतिसंवाहकतेच्या कारणाबाबत अद्याप एकमत नाही.