सेवेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

(बी. ए. भाग २)

लसीकरणाचा दिवस आला की आमच्या गावच्या अंगणवाडीत सकाळपासूनच बायांची गर्दी होते. रोवणीचे दिवस असले तरी बाया अर्धा दिवस मजुरी बुडवून येतात. आशाताई आधीच घरोघर निरोप देऊन आलेल्या असतात. मग उपकेंद्राच्या नर्सबाई येतात. आल्याबरोबर त्या सुई काढीत नाहीत. आधी बाळाला काट्यावर ठेवतात, वजन कार्डावर टिपतात आणि आईला शेजारी बसवून विचारपूस करतात. बाळ किती वेळा पिते, वरचे पाणी पाजता काय, हगवण लागली होती तेव्हा काय दिले, असे एकेक विचारतात. आई जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घेतात. चुकले असेल तर रागवत नाहीत. बरोबर काय ते सांगतात आणि तेच आईच्या तोंडून पुन्हा वदवून घेतात. लस टोचल्यावर ताप आला तर घाबरायचे नाही, हेही बजावतात.

माझ्या वहिनीला पहिले बाळ झाले तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायांनी पहिला चीक पिळून टाकायला सांगितले होते. नर्सबाईंनी आजीला हाताशी धरून, तिचा मान राखून समजावले आणि पहिल्या तासाच्या आत बाळ आईच्या दुधाला लागले. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हेही आजीने ऐकले. आमच्या आजीने आयुष्यात फार थोड्यांचे ऐकले आहे. तिने नर्सबाईंचे ऐकले, याचे मला फार नवल वाटले.

परंतु त्याच आजीने, माझ्या धाकट्या बहिणीने बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणताच कपाळाला हात लावला. रात्रीची ड्युटी, परक्या माणसाचे अंग पुसायचे, घाण उपसायची. अशा मुलीला स्थळ कोण आणील, असा तिचा सवाल होता. बाबा काहीच बोलले नाहीत. बाबांचे न बोलणे म्हणजे आमच्या घरात बहुधा नकारच असतो. नर्सबाई गावाला हवी, पण आपल्या घरातली नको, हा कुठला न्याय? या प्रश्नाने मी बेचैन असतानाच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रमाबाई रानडे यांचे चरित्र माझ्या हाती आले. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात हाच प्रश्न उभा होता आणि एका बाईने त्याला उत्तर दिले होते, हे वाचून मला धीर आला. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. शिकलेली बाई विधवा होते अशी समजूत असणारा तो काळ! त्यामुळे माहेरी रमाबाईंना अक्षराची ओळखसुद्धा झाली नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. न्यायमूर्ती म्हणून पुढे सर्व देशाला ठाऊक झालेले हे रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक रानड्यांनी विधवेशी विवाह करावा अशी लोकांची अपेक्षा होती, परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मात्र घरात आलेल्या या निरक्षर मुलीला त्यांनी लगेच पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः धुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली.

शिकवणारा नवरा असला तरी शिकणे सोपे नव्हते. घरात वडीलधाऱ्या बायका अनेक होत्या. रमाबाईंच्या हातात पुस्तक दिसले की टोमण्यांना ऊत येई. एकदा भांडी घासताना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक फाटका तुकडा त्यांच्या हाती लागला. हातातले काम विसरून त्या तो वाचू लागल्या आणि घरात एकच गहजब उडाला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. दिवसभर घरच्या बायकांत राबायचे, त्यांचे बोलणे सोसायचे आणि रात्री धडा घ्यायचा, असा त्यांचा क्रम होता. मला वाटते, पुढच्या कार्याची खरी तालीम त्यांना याच घरात मिळाली. जुन्या वळणाच्या बाईच्या मनात कोणती भीती असते, तिच्याशी कसे बोलले म्हणजे ती दुखावत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा रमाबाई त्यात सामील झाल्या. पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट झाली, त्यातही त्या पुढे होत्या. रानड्यांची हायकोर्टात नेमणूक झाल्यावर त्या मुंबईला गेल्या आणि तेथे बायकांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग त्यांनी चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला कोंडून घेतले. विधवेने कोपऱ्यात बसावे हा त्या काळचा रिवाजच होता. परंतु त्या कोपऱ्यातून उठल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेत त्यांनी पुढाकार घेतला. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा मार्गदर्शनासाठी त्यांनी रमाबाईंनाच गळ घातली. पुढे २ ऑक्टोबर १९०९ रोजी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात, रानड्यांच्या वाड्यातच, सेवासदनाचे काम सुरू झाले. पतीच्या सहवासाच्या त्यांनी लिहिलेल्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान फार मोठे आहे.

सेवासदनात बायका शिवण शिकत, लिहिणे-वाचणे शिकत, शिक्षिका होण्याची तयारी करीत. इथपर्यंत समाजाने फारशी कुरकुर केली नाही. परंतु रमाबाईंनी बायकांना ससून रुग्णालयात परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण घेण्यास पाठवायचे ठरवले, तेव्हा मात्र भल्याभल्यांनी नाक मुरडले. वाचकहो, त्या काळची कल्पना करा. इस्पितळातल्या परिचारिका बहुतेक गोऱ्या किंवा ख्रिस्ती असत. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, रात्री घराबाहेर राहायचे, ही कामे घरंदाज हिंदू बाईची नव्हेत असे सर्वांनाच वाटे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा काढून या कामाला विलायतेत प्रतिष्ठा मिळवून दिली होती. आपल्याकडे मात्र ते काम हलकेच राहिले होते.

याचा सर्वांत मोठा फटका बसत होता तो लहान मुलांना. त्या काळी आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत. अंधारी खोली, मळकी चिंध्यांची बाजही, न उकळलेल्या हत्याराने कापलेली नाळ, अशा गोष्टींनी बाळ-बाळंतीण दोघेही जात. डॉक्टर होते, पण थोडे आणि बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश नव्हता. तेथे जाईल आणि त्या घरच्या भाषेत दोन शब्द सांगेल अशी शिकलेली बाई हवी होती. औषध बाहेरून आणता येते, पण आईचा विश्वास बाहेरून आणता येत नाही. तो आपल्यातल्याच बाईला मिळवावा लागतो. रमाबाईंच्या कार्याचे मर्म मला यातच दिसते.

अशा बाया मिळणार कुठून? रमाबाईंनी आपल्याभोवती पाहिले. घराघरांत कमी वयाच्या विधवा होत्या. कुणाचे लुगडे धू, कुणाचे बाळंतपण काढ, असे करीत त्या दोन वेळचे अन्न मिळवीत. सेवा त्या जन्मभर करीतच होत्या, परंतु त्या सेवेला ना शिक्षण होते, ना पगार, ना मान. या तिन्ही गोष्टी रमाबाईंनी त्यांना मिळवून द्यायचे ठरवले. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहे काढली. परिचर्या शिकणाऱ्यांची सोय निराळी केली. मुलगी सेवासदनात आहे, म्हणजे रानडेवहिनींच्या नजरेखाली आहे, ही खात्री आईबापांना वाटू लागली. ज्या घरातून पूर्वी नकार येत असे, तेथूनच हळूहळू अर्ज येऊ लागले.

एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, जुन्या पद्धतीचे आलवण नेसलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. समारंभाला कॉलेजचे विद्यार्थी आले होते. तिला पाहून ते हसले, त्यांनी तिची टिंगल केली. रमाबाईंच्या मनाला ते फार लागले. समारोपाच्या भाषणात त्यांनी त्या तरुणांना चांगलेच सुनावले. कॉलेजात शिकून जर दुःखी बाईची कणव येत नसेल, तर शिकलेले म्हणवून घेण्यात अर्थ काय, असा त्यांचा रोख होता. प्रत्येकाच्या घरी एखादी विधवा बहीण, आत्या, मावशी किंवा आईच असेल, याची आठवणही त्यांनी करून दिली. सभागृह चिडीचूप झाले. आम्हीही कॉलेजचे विद्यार्थी आहोत. गॅदरिंगमध्ये टिंगल करण्यात आपण मागे नसतो. ही गोष्ट वाचताना मला तरी मान खाली घालावीशी वाटली.

रमाबाई नुसती संस्था चालवून थांबल्या नाहीत. त्या तुरुंगातल्या बायकांना भेटत, इस्पितळातल्या रोग्यांना फळे-फुले-पुस्तके नेऊन देत. आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या सेविका घेऊन त्या आळंदीच्या यात्रेत जात आणि वारकरी बायकांना मदत करीत. मुलांप्रमाणे मुलींचेही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, बायकांना मताचा अधिकार मिळावा, यासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आपल्या विदर्भातही १९२७ साली रमाबाई तांबे यांनी नागपूरला सेवासदन उभे केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सेवासदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी बहुतेक पुण्याच्या पांढरपेशा घरांतल्या होत्या. आमच्यासारख्या धानाच्या बांधीत राबणाऱ्यांच्या मुलींपर्यंत ते दार पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. शिवाय पुण्यातच त्यांच्याआधी सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, आजारी मुलाला पाठीवर आणून, १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला होता. सेवेची वाट सावित्रीबाईंनी प्राण देऊन दाखवली. त्या वाटेवर पगाराची, शिक्षणाची आणि मानाची सोय रमाबाईंनी केली. माझ्या मते आम्हा मुलींवर दोघींचेही ऋण आहे.

आज काय दिसते? २०२० सालच्या पाहणीप्रमाणे हजार जन्मांमागे बालमृत्यू देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ इतके खाली आले. लसी, औषधे, शुद्ध पाणी, पोटभर अन्न यांचा त्यात वाटा आहेच. पण मिठा-साखरेच्या पाण्याची पुडी सरकारने फुकट दिली, तरी ती लिटरभर पाण्यातच कालवायची आणि घोट घोट पाजत राहायची, हे कुणीतरी आईच्या शेजारी बसून सांगावेच लागते. आमच्या भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचा आजार आहे. या रोगाच्या लेकराला पाणी भरपूर पाजावे, थंडीत जपावे, ताप आला तर दवाखान्यात नेण्यास उशीर करू नये, आणि लग्नाआधी मुलामुलीने रक्त तपासून घ्यावे, या गोष्टी भिंतीवरच्या फलकाने पटत नाहीत. त्या नर्सबाईंच्या बोलण्याने पटतात. अशी बाई म्हणजे कुणाची तरी लेक असते. तिच्या घरात कुणीतरी एक दिवस होकार दिलेला असतो.

हा लेख छापून आला की मी तो घरी नेणार आहे. बाबांना वाचता येत नाही, म्हणून मीच त्यांना वाचून दाखवीन. आजी जवळ बसलेली असेल. माझ्या बहिणीचा नर्सिंगचा अर्ज भरायचा अजून बाकी आहे. लुगड्याच्या पदराआड शिकलेल्या आणि शेकडो बायकांना मानाने उभे करणाऱ्या रमाबाईंची गोष्ट ऐकून बाबा काय म्हणतील, ते मला आज सांगता येत नाही. निदान या वेळी ते काहीतरी बोलतील, एवढी आशा मात्र वाटते.

रमाबाईंच्या पवित्र स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!