जोसेफ ग्रिनेल : शंभर वर्षांपुढच्या वाचकासाठी

उंदीर, खारी आणि चिमण्या यांच्या मागे डोंगर पालथे घालणाऱ्या माणसाचे चरित्र कोण वाचणार, असे कुणालाही वाटेल. जोसेफ ग्रिनेल यांच्या आयुष्यात थरारक असे फारसे काही नाही. आहेत त्या वह्या. पण या वह्यांनीच पुढे मोठे काम केले.

ग्रिनेल यांचा जन्म १८७७ साली अमेरिकेतील फोर्ट सिल येथे झाला. वडील डॉक्टर, तेथील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत त्यांची नोकरी. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथे स्थिरावले आणि मुलाला पक्ष्यांचे वेड लागले. १९०८ साली ॲनी अलेक्झांडर या निसर्गवेड्या धनिक स्त्रीने बर्कली येथील विद्यापीठात पृष्ठवंशीय प्राण्यांचे संग्रहालय स्थापन केले व त्याची सूत्रे एकतीस वर्षांच्या ग्रिनेल यांच्या हाती दिली. १९३९ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते.

कॅलिफोर्निया झपाट्याने बदलत होता. जंगले तुटत होती, शेती पसरत होती. आज जे आहे त्याची नोंद आजच झाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. आपल्या संग्रहाचे खरे मोल कदाचित शतकानंतर कळेल, असे त्यांनी १९१० सालीच मांडले होते. सहकाऱ्यांना त्यांची शिस्त जाचक वाटली असल्यास नवल नाही! दिवसाचा वृत्तांत, जागा, उंची, हवामान, किती सापळे किती रात्री लावले, सारे काही न पुसणाऱ्या शाईने लिहायचे. नमुन्यांसाठी हजारो जीव मारले गेले, हे आपल्या मनाला खटकते. पण त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.

सापळ्यांचा हिशेब का महत्त्वाचा? एखादा प्राणी सापडला नाही, एवढ्यावरून तो तेथे नव्हता असे ठरत नाही. किती शोधले हे ठाऊक असेल तरच न सापडण्याला अर्थ येतो.

१९१४ ते १९२० या काळात त्यांनी योसेमिटीचा प्रदेश पायथ्यापासून शिखरांपर्यंत धुंडाळला. २००३ साली त्याच संग्रहालयाचे शास्त्रज्ञ त्या वह्या घेऊन त्याच जागी गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दरम्यान तेथील किमान तापमान सुमारे तीन अंश सेल्सिअसने वाढले होते. आणि २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांचा मुलूख सरासरी ५०० मीटर वर सरकला होता. खारीच्या कुळातील अल्पाइन चिपमंक तर खालच्या बाजूने ६०० मीटरहून अधिक मागे हटला होता. शिखरांवर तो आधीपासूनच होता. वर जायला डोंगरच उरला नाही, म्हणून त्याचा मुलूख आखडला. तळाकडचे काही प्राणी मात्र वर पसरले. सर्वांची चाल सारखी नाही, हीच यातली खरी गुंतागुंत.

मोहावी वाळवंटातली गोष्ट वेगळी. २०१८ सालच्या अहवालानुसार ग्रिनेल यांच्या काळातील पक्ष्यांच्या जातींपैकी सरासरी ४३ टक्के जाती त्या त्या ठिकाणांहून नाहीशा झाल्या होत्या. तेथले लहान सस्तन प्राणी मात्र बहुतांशी टिकून होते. भर दुपारी ते बिळाच्या गारव्यात असतात.