डॉ. होमी भाभा : विश्वकिरणांपासून न्यूट्रिनोपर्यंत

भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव सर्वपरिचित आहे. तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र, आशियातील पहिली अणुभट्टी आणि देशाचे अणुधोरण यांच्याशी त्यांची स्मृती जोडली गेली आहे. मात्र भाभा मुळात विश्वकिरणांचे अभ्यासक होते. अंतराळातून पृथ्वीवर अखंड येणाऱ्या अतिऊर्जावान कणांचे कोडे उलगडण्याचा ध्यास त्यांनी तरुणपणी घेतला. याच ध्यासातून उभ्या राहिलेल्या संशोधनाने १९६५ साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या कणाचा माग काढला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत भाभांचे अपघाती निधन झाले.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा हे बॅरिस्टर होते. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे उच्चाधिकारी होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रकला यांचे वातावरण होते. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि परतल्यावर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती.

केंब्रिजमध्ये त्या काळी भौतिकशास्त्राचे नवे युग सुरू झाले होते. तरुण होमीचे मन त्यात रमले आणि आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे, असे त्यांनी वडिलांना कळवले. आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण व्हावी, मग गणित शिकण्यासाठी खर्च देऊ, अशी तडजोड वडिलांनी सुचवली. भाभांनी १९३० साली अभियांत्रिकीची आणि १९३२ साली गणिताची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण करून दिलेला शब्द पाळला.

शिष्यवृत्तीच्या आधारे ते झुरिचला वोल्फगांग पाउली यांच्याकडे आणि रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे गेले. पुढे घडलेल्या घटना पाहता हा योगायोग लक्षणीय वाटतो. किरणोत्सर्गात हरवल्यासारख्या दिसणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळवण्यासाठी विद्युतभाररहित, जवळजवळ अदृश्य अशा कणाची कल्पना पाउली यांनी १९३० साली मांडली होती. फर्मी यांनी त्या कणाला न्यूट्रिनो या नावाने शास्त्रात रूढ केले आणि त्यावर आपला सिद्धांत उभारला. न्यूट्रिनोच्या या दोन्ही जनकांचा सहवास भाभांना लाभला. त्यांचा पहिला शोधनिबंध मात्र विश्वकिरणांच्या शोषणावर होता. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला.

विश्वकिरण म्हणजे मुख्यतः प्रचंड ऊर्जेचे प्रोटॉन. ते वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्या आघातातून नवे कण जन्माला येतात. मोठे कणत्वरक अस्तित्वात नव्हते त्या काळात अशा ऊर्जेच्या टकरी पाहण्याची सोय केवळ निसर्गाने केली होती. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी मांडले. ते आज भाभा प्रकीर्णन या नावाने जगभर ओळखले जाते. वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ साली त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. एका इलेक्ट्रॉनपासून प्रकाशकण, त्यांपासून पुन्हा इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन, अशी साखळी वाढत जाऊन कणांचा पाऊस कसा पडतो, याचा उलगडा त्यातून झाला.

जाड शिसे भेदून जाणारा विश्वकिरणांचा भाग या सिद्धांतात बसत नव्हता. तो इलेक्ट्रॉनहून जड अशा वेगळ्या कणांचा असला पाहिजे, हे यातून स्पष्ट होत गेले. आज त्या कणाला म्यूऑन म्हणतात. असा अल्पायुषी कण अतिवेगाने जात असेल, तर सापेक्षतेच्या नियमानुसार त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल, हेही भाभांनी १९३८ साली दाखवून दिले.

सुट्टीसाठी १९३९ साली भाभा भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडला परतणे शक्य झाले नाही. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. तेथील भौतिकशास्त्र विभाग सर सी. व्ही. रामन यांच्या नेतृत्वाखाली होता. रॉयल सोसायटीने १९४१ साली भाभांना सदस्यत्व दिले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. बंगळूरमध्ये त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. आजवर कागदावर गणिते मांडणारा हा शास्त्रज्ञ आता उपकरणे बनवून घेऊ लागला. युद्धकाळात अमेरिकी वायुदलाच्या विमानातून गायगर गणक उंचावर पाठवून त्यांनी कणांचे मापन करवून घेतले.

युद्ध संपत आले तेव्हा त्यांच्यापुढे निवड होती. युरोपातील नामवंत विद्यापीठांची दारे त्यांना खुली होती. परंतु समर्थ संशोधन संस्था उभारणे हे आपले मायदेशातील कर्तव्य आहे, असा निर्णय त्यांनी घेतला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संस्थेची योजना मांडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम जून १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात संस्थेचे उद्घाटन झाले. पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत आणि अखेर कुलाब्याच्या टोकाला समुद्रकिनारी संस्था स्थिरावली. कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरू यांच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले.

गरीब, नवस्वतंत्र देशाने प्रयोग कोणते करावेत, हा प्रश्न भाभांपुढे होता. महागड्या कणत्वरकांच्या स्पर्धेत उतरणे भारताला परवडणारे नव्हते. विश्वकिरण मात्र सर्वांवर सारखेच बरसतात आणि भारताला भूगोलाची साथही होती. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जाते. त्यामुळे कमी ऊर्जेचे प्रोटॉन येथून परतवले जातात आणि अतिऊर्जावान तेवढेच खाली पोहोचतात. शिवाय कोलारच्या खाणी जगातील सर्वांत खोल खाणींमध्ये गणल्या जात. उंच आकाशात फुग्यांद्वारे उपकरणे पाठवणे, उटीच्या डोंगरावर प्रयोगशाळा उभारणे आणि खाणीत खोल उतरणे, अशा तिन्ही दिशांनी संस्थेचे काम सुरू झाले.

खडकाच्या वाढत्या जाडीबरोबर म्यूऑनची संख्या कशी घटते, हे कोलारमध्ये मोजण्याचे काम भाभांनी तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकांतन यांच्यावर सोपवले. १९५०च्या दशकाच्या आरंभी सुमारे ३०० मीटर खोलीपासून ही मोजणी सुरू झाली. पुढील दशकात उपकरणे सुमारे २,७६० मीटर खोलीपर्यंत नेण्यात आली. तेथे सुमारे दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

हे शून्य निष्फळ नव्हते. खडकाने विश्वकिरणांचा गोंगाट पूर्णपणे शांत केला होता आणि न्यूट्रिनोच्या शोधाला नेमकी अशीच जागा हवी होती. प्रोटॉनच्या आघातातून निर्माण होणारे कण विघटित होताना न्यूट्रिनो बाहेर पडतात. ते संपूर्ण पृथ्वीही सहज पार करतात. क्वचित एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून म्यूऑन निघतो. वरून येणारे म्यूऑन खडकात थांबत असल्यामुळे, खोल खाणीत आडव्या दिशेने जाणारा म्यूऑन दिसला, तर तो न्यूट्रिनोचाच पुरावा ठरतो.

टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २,३०० मीटर खोलीवर ही उपकरणे बसवली. भारतीय चमूत एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम, पी. व्ही. रमण मूर्ती आणि सी. व्ही. आचार हे होते. सहकाऱ्यांमध्ये जपानचे एस. मियाके आणि इंग्लंडचे ए. डब्ल्यू. वुल्फेंडेल. कण गेला की क्षणभर चमकणारे पट्टे आणि त्याची वाट उजळवणाऱ्या निऑन वायूच्या नळ्या अशी त्यांची रचना होती. उष्ण, दमट बोगद्यात ही नाजूक यंत्रणा दिवसरात्र चालू ठेवावी लागे. १९६५ साली अपेक्षित खुणा मिळाल्या.

त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हाच शोध घेत होता. तेथे पहिली नोंद कोलारच्या आधी, फेब्रुवारीत झाली होती. कोलारचा शोधनिबंध मात्र काही दिवस आधी प्रसिद्ध झाला. दोन्ही निबंध ऑगस्ट १९६५ चे आहेत. या शोधाचे श्रेय दोन्ही गटांना दिले जाते.

भाभा स्वतः त्या बोगद्यात बसून नोंदी घेत नव्हते. १९४८ पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद, १९५६ साली कार्यान्वित झालेली अप्सरा अणुभट्टी आणि जिनिव्हातील १९५५ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद, अशा जबाबदाऱ्यांनी त्यांचा वेळ व्यापला होता. संशोधन विद्यापीठांबाहेरील मोजक्या संस्थांत एकवटत असल्याची टीकाही त्यांच्या काळात झाली आणि ती विचारात घेण्याजोगी होती. तथापि तरुणांना कठीण प्रश्न देऊन त्यांच्यावर विश्वास टाकण्याची त्यांची पद्धत कोलारमध्ये फळाला आली.

अविवाहित भाभा फावल्या वेळात चित्रे काढीत, संगीत ऐकत आणि संस्थेच्या आवारातील झाडांचीही जातीने काळजी घेत. २४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा ५६ वर्षांचे होते. पुढील वर्षी तुर्भेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

कोलारमधील प्रयोग १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालले. तेथेच १९८० पासून प्रोटॉनच्या विघटनाचाही शोध घेण्यात आला. खाण २००१ साली बंद झाली. याच वातावरणीय न्यूट्रिनोंच्या अभ्यासातून जपानमधील शास्त्रज्ञांनी १९९८ साली न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचा पुरावा दिला आणि २०१५ साली त्या कार्याचा नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. त्या अभ्यासाच्या पहिल्या नोंदी ज्या मोजक्या ठिकाणी झाल्या, त्यांत एका भारतीय खाणीचे नाव आहे. देशाजवळ जे आहे त्यातूनच जागतिक दर्जाचे विज्ञान उभे करता येते, हा भाभांचा विश्वास तेथे खरा ठरला.