मलिक अंबर : जुन्नरच्या तख्ताचा वृद्ध शिपाई

जुन्नर आणि आंबेगाव ह्या आपल्या मावळपट्ट्यात पलटणीच्या नोकरीची ओळख नाही, असे गाव शोधूनच काढावे लागेल. कोठे भिंतीवर खाकी पोशाखातील आजोबांची तसबीर असते, कोठे पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेले बिल्ले असतात, तर कोठे ह्यांपैकी काहीच उरलेले नसते आणि म्हातारी माणसे तेवढी सांगतात की, आपल्या घरचा एकजण लढाईवर गेला होता. त्याहून जुनी खूण पाहावयाची असेल, तर एखाद्या प्राचीन शिवालयाच्या आवारात जावे. तेथे कित्येकदा वीरगळ आढळतो. त्याच्या खालच्या चौकटीत पडलेला वीर, मधल्या चौकटीत लढाई, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर ह्या पुरुषाची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. परंतु बहुतेक वीरगळांवर नाव मात्र कोरलेले नसते. ज्याने दगड बसविला त्यास नाव ठाऊक होते; पुढे ते सांगणारे राहिले नाहीत.

ह्या वर्षीच्या अंकात आम्ही अशा एका शिपायाचे चरित्र देत आहो की, ज्याचे नाव इतिहासास पक्के ठाऊक आहे, परंतु ज्यास आपला म्हणणारे घर ह्या मुलखात एकही नाही. त्याचे नाव मलिक अंबर. काही वर्षे आपल्या जुन्नरात एका राज्याचे तख्त होते, आणि ते त्याने राखले होते.

त्याचा जन्म इ. स. 1548 च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. घरचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला आणि तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानातील मोखा बंदरी, तेथून पुढे बगदादच्या बाजारात विकला गेला. पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. भावांनी विकलेला तो मुलगा परक्या देशात जाऊन तेथील राज्याचा कारभारी झाला. चापूचे नशीबही काहीसे त्याच वाटेने गेले. बगदादेस मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्यास विकत घेतले, मुलाची बुद्धी ओळखून त्यास लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविले, इस्लाम धर्माची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव ठेविले. ह्या विद्येचा त्यास पुढे जन्मभर उपयोग झाला.

1570 नंतर थोड्याच वर्षांत अंबर दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी असून एके काळी गुलामच होता. त्या काळी दख्खनच्या सुलतानांकडे हबशी शिपायांस मोठी मागणी असे. कारण त्यांस येथे भाऊबंद नसत आणि त्यांची निष्ठा ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशीच राही. चंगीझखानाच्या हाताखाली अंबरने राज्यकारभार आणि फौजेचे काम जवळून पाहिले. थोड्याच वर्षांत चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरास मुक्त केले.

आता अंबर स्वतंत्र झाला, परंतु जावयाचे कोठे? मातृभूमीचा मार्ग कधीच बंद झाला होता. पुढील वीस वर्षांपैकी बहुतेक काळ त्याने विजापूरच्या चाकरीत काढिला. तेथेच त्यास मलिक ही पदवी मिळाली. शेवटी मनासारखे न घडल्यामुळे तो आपले स्वार घेऊन 1595 च्या सुमारास निजामशाहीत परत आला. त्या वेळी त्याच्याजवळ दीडशेच्या आसपास स्वार होते आणि वय पंचेचाळीस उलटून गेले होते. सामान्य शिपाई ह्या वयात घरी परतण्याचा विचार करितो. अंबरची खरी कामगिरी येथून पुढे सुरू झाली.

त्याच वर्षाअखेरीस अकबर बादशहाच्या फौजेने अहमदनगरास वेढा घातला. चांदबिबीने तो वेढा धैर्याने परतविला, पण पुढे 1600 साली तिचा स्वकीयांनीच वध केला आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला. सुलतान कैद झाला. पुष्कळ सरदारांनी नव्या धन्याची चाकरी पत्करिली. अंबरने ती पत्करिली नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुणास, दुसरा मुर्तझा ह्या नावाने, परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले आणि आपली कन्या त्यास दिली. पुढे आपला प्रतिस्पर्धी राजू दख्खनी ह्यास पाडाव करून त्याने 1607 च्या सुमारास राजधानी जुन्नरास आणिली.

जुन्नरच का, हे आपल्या डोंगरांकडे पाहिले असता ध्यानात येते. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद ह्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ह्याच शहरातून आपले राज्य उभारिले होते. अहमदनगर वसले ते त्यानंतर, 1494 साली. शिवनेरीसारखा अवघड गड शेजारी, कुकडीच्या खोऱ्यातील धान्य हाताशी, आणि पश्चिमेस नाणेघाटाची प्राचीन वाट, जी कोकणातील बंदरांस मिळते. मोगलांची जड फौज, तिच्या तोफा, हत्ती व बाजारबुणगे सपाट मैदानात अजिंक्य असत. परंतु घाटाच्या तोंडाशी त्यांस कासवाची गती येई. पडलेले राज्य पुन्हा उभे करावयास अशीच जागा हवी होती. 1610 साली अंबरने अहमदनगरचा किल्ला परत घेतला. राजधानीही त्याने त्याच सुमारास दौलताबादेस हलविली.

त्याची युद्धरीती सह्याद्रीच्या भूमीस साजेल अशी होती. समोरासमोर मोठी लढाई द्यावयाची नाही. हलक्या घोडेस्वारांनी शत्रूच्या भोवती घिरट्या घालावयाच्या, रसद तोडावयाची, रात्री छापा घालावयाचा व उजाडण्यापूर्वी दिसेनासे व्हावयाचे. हे काम मराठा स्वारांवाचून होणे नव्हते. त्या काळच्या एका इंग्रज प्रवाशाने अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैन्य असल्याचे नमूद केले आहे. वेरूळच्या भोसल्यांचे घराणे निजामशाहीच्या ह्याच चाकरीत वाढले. पुढे ज्यास सारा देश गनिमी कावा म्हणून ओळखू लागला, त्याचे धडे मराठ्यांच्या एका पिढीने ह्या वृद्ध हबशाच्या निशाणाखाली गिरविले.

फौज पोटावर चालते, हे अंबरने ओळखले होते. आणि पोट भरतो तो कुणबी. जमीन मक्त्याने देऊन रयतेस नागविण्याची चाल त्याने मोडिली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवावी, काही वर्षांचे उत्पन्न पाहून सरकारचा हिस्सा निश्चित करावा आणि गावची जबाबदारी पाटलावर ठेवावी, अशी त्याची पद्धत होती. मलिकंबरी धारा ह्या नावाने ती पुढे दीर्घकाळ ओळखली गेली. दौलताबादेनजीक त्याने खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखिले जाते. त्या कोरड्या जागी त्याने डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून नळांनी आणिले. ती नहर-ए-अंबरी त्याच्यामागे शतकानुशतके लोकांस पाणी देत राहिली.

चरित्र सांगावयाचे तर उणी बाजू झाकून चालत नाही. अंबर सत्तेच्या बाबतीत कठोर होता. ज्या मुर्तझास त्याने गादीवर बसविले, त्याच्याशी पुढे त्याचे बिनसले. अंबरच्या कन्येचा राजवाड्यात अपमान झाला आणि त्यानंतर मुर्तझाचा विषप्रयोगाने अंत झाला. हे कृत्य अंबरचेच, असे समकालीन लिखाण सांगते. त्यानंतर गादीवर एक लहान मूल बसले आणि राज्य सर्वस्वी अंबरच्या हाती आले. ज्याने राज्य वाचविले त्याच्याच हातून हे घडले, ही गोष्ट त्याच्या पराक्रमाबरोबर लक्षात ठेविली पाहिजे. शूराचा आदर करणे म्हणजे त्याच्या दोषांस गुण म्हणणे नव्हे.

त्याच्या वाट्यास पराभवही आले. 1616 साली रोषणगावच्या लढाईत त्याची फौज मोडली. काही मराठा सरदार आधीच मोगलांस मिळाले होते. मोगलांनी खडकी शहर जाळून बेचिराख केले. 1617 व 1621 साली त्यास तह करून मुलूख सोडावा लागला. परंतु प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला. जहांगीर बादशहास त्याचा इतका संताप होता की, आपल्या चरित्रात तो अंबरचा उल्लेख शिव्याशाप दिल्यावाचून क्वचितच करितो. बादशहाच्या चित्रकाराने एक चित्र काढिले आहे. त्यात जहांगीर भाल्यावर रोविलेल्या अंबरच्या मस्तकास बाण मारीत आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहास कधीच मिळाले नाही. जे रणात साधले नाही, ते चित्रात साधून घ्यावे लागले.

अंबरच्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई 1624 साली अहमदनगरजवळ भातवडी येथे झाली. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. मोगल आणि विजापूरकर ह्यांच्या फौजा एक होऊन आल्या होत्या. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीच्या वाटा चिखलमय करून टाकिल्या, रात्रीच्या छाप्यांनी शत्रूची झोप घालविली, आणि उपासमारीने खचलेल्या त्या सैन्याचा पुरा मोड केला. विजापूरचा सेनानी मुल्ला महंमद लारी रणात पडला. ह्या लढाईत मालोजीराजांचे दोघे पुत्र अंबरच्या बाजूने लढत होते. थोरले शहाजीराजे पराक्रमाने नावारूपास आले. धाकटे शरीफजी रणांगणावरून परत आले नाहीत. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांच्या बाजूस होते. विजयाचे नगारे वाजत असता भोसल्यांच्या घरी धाकट्याचे सुतक होते, आणि जिजाबाईंचे माहेर शत्रूच्या गोटात. लढाईचा हिशेब घराघरांतून असा निराळा लागतो. इतिहास विजयाची तारीख लिहितो. घर रिकामी जागा मोजते.

दोन वर्षांनी, 1626 च्या मे महिन्यात, मलिक अंबर वृद्धापकाळाने मरण पावला. खुलदाबाद येथे, स्वतः बांधविलेल्या साध्या पण भारदस्त घुमटाखाली, तो चिरनिद्रा घेत आहे. त्याच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच दरबारी इतिहासकाराने त्याचे युद्धकौशल्य, न्याय आणि बंदोबस्त ह्यांत त्याच्या तोडीचा पुरुष झाला नाही, असा अभिप्राय नोंदविला. ज्या शत्रूने त्याचे शहर जाळिले, त्याच्याच लेखणीने हा मान दिला.

त्याच्या पश्चात सात वर्षांत दौलताबाद पडले. तरीही शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकास गादीवर बसवून 1636 पर्यंत मोगल व विजापूर ह्या दोघांशीही झुंज दिली. परांड्यास अंबरने जे केले होते, तेच त्यांनी पुन्हा करून पाहिले. दरम्यान 1630 साली शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. जुन्नरच्या ज्या गडाच्या सावलीत एका परदेशी शिपायाने परक्याचे तख्त सांभाळिले, त्याच गडावर स्वराज्याचा संस्थापक जन्मास आला.

मलिक अंबरास स्मारकाची वाण नाही. त्याची नहर, त्याचा धारा आणि त्याचे शहर ही त्याची स्मारके आहेत. परंतु त्याच्याबरोबर जे हजारो स्वार लढले, त्यांची नावे कोणी लिहिली? भातवडीच्या चिखलात पडलेल्या साध्या बारगिरांपैकी एकाचेही नाव आम्हांस सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. 1916 साली कूतच्या वेढ्यात त्यांच्या शिपायांनी उपासमार सोसली, आणि जेथे बाल अंबर विकला गेला होता ते बगदाद 1917 साली इंग्रजांच्या व हिंदी फौजांच्या हाती आले. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, नाईक यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा कोकणी तरुण इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेला आणि मृत्यूनंतर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्याचे नाव राहिले. त्याच्या तुकडीतील जे त्याच्याआधी काही क्षण पडले, त्यांची नावे त्यांच्या घरच्यांनीच राखावयाची.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमची एक विनंती आहे. ह्या सुटीत आपल्या घरी, आजोळी, शेजारी विचारा : आपल्यापैकी पलटणीत कोण होते? कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, कोणत्या देशी? परत आले की नाही? आले असतील, तर रात्री कशाने दचकत, काय सांगत आणि काय सांगावयाचे टाळीत? जे कळेल ते वहीत लिहून ठेवा आणि तसबिरीच्या मागे नाव घाला. पालकांनीही हे काम उद्यावर ढकलू नये. कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या दर वर्षी घटत आहे. जे सैनिक आजही गावात आपल्यामध्ये आहेत, त्यांस वर्षातून एकदा हार घालण्यापेक्षा त्यांच्याजवळ तासभर बसून ऐकणे हा अधिक खरा सन्मान आहे, असे आम्हांस वाटते. वीरगळ बसविणाऱ्यांनी चंद्रसूर्य कोरिले, पण नाव कोरावयाचे राहिले. तेवढे आपण करावे.