वालचंद हिराचंद आणि ‘लॉयल्टी’ आगबोट

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे जैन, सावकारी व कापसाच्या व्यापारात मुरलेले. पण वालचंदांचे मन त्या धंद्यात रमेना. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागी करून ते लोहमार्ग बांधण्याचे मक्ते घेऊ लागले.

आपल्या देशाला एवढा विस्तीर्ण समुद्रकिनारा; परंतु त्यावरील जहाजवाहतूक त्या काळी बहुतेक इंग्रज कंपन्यांच्या मुठीत होती. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्लै यांनी काढलेली स्वदेशी कंपनी त्यांनी टिकू दिली नव्हती. अशा वेळी, इ. स. १९१९ मध्ये, आगगाडीच्या प्रवासात वालचंदांच्या कानी आले, की ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे आपली ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकणार आहेत.

या बोटीने बरेच जग पाहिले होते. तिचे पहिले नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडात बांधलेली ही बोट इ. स. १८९१ पासून कॅनडा, जपान व चीन यांच्या दरम्यान टपाल आणि उतारू नेत असे. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा महाराजांनी ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले. हौशी प्रवाशांच्या त्या बोटीत आता जखमी शिपायांच्या खाटा आल्या.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्या साहाय्याने ‘सिंदिया’ कंपनी स्थापून ही बोट घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. खुद्द वालचंद तिच्यावर होते.

खरे पाहता हा सौदा फायद्याचा ठरला नाही. बोट जुनी, खर्चाला जड. १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. इकडे इंग्रज कंपन्यांनी मालाचे भाडे इतके उतरविले, की सिंदियाच्या इतर बोटीही तोट्यात चालू लागल्या. अखेर त्याच वर्षी कंपनीला करार करून आपल्या वाढीवर मर्यादा घालून घ्यावी लागली. वालचंदांना तो करार बेडीसारखा बोचे. परंतु त्यांनी कंपनी सोडली नाही. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते तिचे अध्यक्ष झाले.

दुसऱ्याने बांधलेली जुनी जहाजे किती दिवस घ्यायची? १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्यांच्या जहाजकारखान्याची कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. पुढे हा कारखाना सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे देहावसान झाले. ‘लॉयल्टी’ मुंबई बंदरातून निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.