२२ वर्षांचा गॅलिलिओ आणि त्याचा छोटा तराजू

गॅलिलिओ म्हटलं की दुर्बीण आठवते, पिसाचा कलता मनोरा आठवतो, नाहीतर चर्चने चालवलेला खटला. मला मात्र त्याच्या आयुष्यातला त्याआधीचा एक काळ जास्त जवळचा वाटतो. तेव्हा तो आपल्याच वयाचा होता, हातात डिग्री नव्हती आणि नोकरीचा पत्ता नव्हता.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा शहरात झाला. वडील विन्चेन्झो हे नावाजलेले ल्यूटवादक. मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी १५८१ मध्ये त्याला पिसाच्या विद्यापीठात वैद्यकीला घातलं. (आईवडील सगळीकडे सारखेच!) पण ओस्तिलिओ रिच्ची या दरबारी गणितज्ञाकडून युक्लिडची भूमिती कानावर पडली आणि गड्याचं मन वैद्यकीतून उडालं ते उडालंच. १५८५ मध्ये डिग्री न घेताच त्याने विद्यापीठ सोडलं आणि गणिताच्या शिकवण्या घेऊन तो दिवस काढू लागला.

आता शाळेतला एक प्रयोग आठवा. कुलूप दोऱ्याला बांधून मोजपात्रात सोडायचं, पाणी किती चढलं ते बघायचं. ते झालं आकारमान. वस्तुमानाला त्याने भागलं की घनता. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटातली भेसळ अशीच, सांडलेल्या पाण्यावरून पकडली अशी गोष्ट आपण ऐकतो. गॅलिलिओला ही गोष्ट पटेना. त्याच्या मते आर्किमिडीजसारख्या माणसाच्या मानाने ही पद्धत फारच ढोबळ होती.

मी स्वतः आकडे घालून पाहिले. १ किलो शुद्ध सोन्याचं आकारमान साधारण ५२ घनसेंमी. त्यातलं ३० टक्के वजन चांदीचं असेल तर ते होतं ६५. मुकुट मावेल असं २० सेंमी व्यासाचं भांडं घेतलं, तर पाण्याच्या पातळीत फरक पडतो जेमतेम ०.४ मिमी! काठोकाठ भरलेलं पाणी पृष्ठताणामुळे याहून जास्त फुगून राहतं. व्हायवाला सर लीस्ट काउंटवरून का पिडतात ते इथे कळतं.

म्हणून १५८६ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, गॅलिलिओने वेगळा तराजू सुचवला. लांब दांडी मधोमध टांगायची. एका टोकाला वस्तू, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन. मग वस्तू पाण्यात बुडवायची. पाणी तिला वर ढकलतं, म्हणून तोल साधायला दुसरीकडचं वजन आत सरकवावं लागतं. ते किती सरकलं यावरून घनता कळते. सोन्यासाठी एक खूण, चांदीसाठी दुसरी. भेसळीचा दागिना या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी तोल धरतो.

खरी गंमत पुढे आहे. एवढ्याशा अंतराचे बारीक भाग पाडायचे कसे? त्याने दोन खुणांमध्ये अगदी बारीक पितळी तारेचे वेढे एकाला एक लागून गुंडाळले. डोळ्यांनी ते मोजता येईनात, तर त्यांच्यावरून टोकदार सुरी हळूच फिरवायची आणि हाताला लागणाऱ्या खाचा व कानाला येणारा आवाज यांवरून वेढे मोजायचे! वादकाचाच मुलगा तो. दांडीची एक बाजू ५० सेंमी धरली तर दोन खुणांत साधारण २.२ सेंमी अंतर पडतं. तार ०.२ मिमीची घेतली तर शंभराच्या वर वेढे, म्हणजे एक वेढा सुमारे १ टक्का चांदी. दांडी, तार आणि सुरी, बस्स.

हे टिपण हस्तलिखित म्हणूनच फिरलं. छापलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४४ मध्ये. लगेच नशीब उघडलं असंही नाही. १५८८ मध्ये बोलोन्या विद्यापीठातली जागा दुसऱ्याला मिळाली. पण गुरुत्वमध्यावरच्या त्याच्या कामामुळे ग्विदोबाल्दो देल मोन्ते या जाणकार सरदाराने त्याची बाजू धरली आणि १५८९ मध्ये, ज्या पिसातून तो डिग्रीविना निघाला होता, तिथेच तो गणिताचा प्राध्यापक झाला. पगार वर्षाला फक्त ६० स्कुदी.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १६१० मध्ये गुरूचे उपग्रह, १६३३ मध्ये खटला आणि नजरकैद. त्या कैदेतही त्याने तुळई किती भार पेलते याचा विचार मांडला. ते पुस्तक १६३८ मध्ये निघालं, तेव्हा त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी तो वारला.

आपल्या हॉस्टेलवरही कुणाची केटी राहिलीय, कुणाचं वर्ष गेलंय. डिग्री सोडा असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण गॅलिलिओ त्या रिकाम्या वर्षात नुसता बसून राहिला नाही, हे मात्र त्यांना जरूर सांगेन.