पहिल्या मिनिटाचे गुण

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार (१९०९–१९७४) यांना प्रसूतिगृहात एक गोष्ट खटके. सगळ्यांचे लक्ष आईकडे. बाळ कसे आहे, हे जो तो आपल्या अंदाजाने ठरवी. निळ्या पडलेल्या काही बाळांची तर आशाच सोडली जाई. १९५३मध्ये त्यांनी गुणपद्धती प्रसिद्ध केली. जन्मानंतर एका मिनिटाने हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला प्रतिसाद आणि रंग पाहायचा. प्रत्येकाला ० ते २ गुण. प्रसूती करणाऱ्याने मात्र गुण देऊ नयेत, असे त्यांचे मत. आपल्या हातून जन्मलेल्या बाळाला कमी गुण देणे जड जातेच! आता तीन हा आकडा ऐकताच परिचारिकेपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सर्वांना बाळ संकटात असल्याचे कळू लागले.